चित्रातील ऊन आणि हवा



आयुष्य कामगार संघटनेत घालविलेल्या माणसाने सतराव्या शतकातील रोमच्या निसर्गचित्रांवर व्याख्यान द्यावे, याचे काही मंडळींना नवल वाटले असेल. चालकांचा पहिला आग्रह मी कामगार कायद्यांवर बोलावे असाच होता. पण कायद्यांवर मी वर्षभर बोलतच असतो, आणि ते ऐकून माझ्या घरची माणसेसुद्धा कंटाळली आहेत. चित्रे पाहणे हा माझा सुटीच्या दिवसाचा उद्योग. तो मला कोणी शिकविला नाही. सार्वजनिक वाचनालयातील जाड ग्रंथ, शेजारी उघडा ठेवलेला शब्दकोश, आणि अलीकडे परदेशी संग्रहालयांनी इंटरनेटवर सर्वांसाठी मोकळी केलेली चित्रांची छायाचित्रे, एवढेच माझे विद्यालय.

मला आज एका साध्या प्रश्नाचा पाठपुरावा करावयाचा आहे. चित्रात झाड दिसते, बैल दिसतो, राजवाडा दिसतो. हवा दिसत नाही. मग हवा रंगवावयाची कशी? रोममध्ये राहिलेल्या एका अल्पशिक्षित माणसाने हे असे काही साधले की पुढची दोनशे वर्षे युरोपातील चित्रकार त्याच्याकडे पाहत राहिले. त्याचे नाव क्लोद लोरें. या प्रश्नाला जोडूनच दुसरा एक प्रश्न येतो, आणि माझ्यासारख्याला तो अधिक टोचतो. ज्या मुलखात माणसे तापाने मरत होती, त्या मुलखावर हा चित्रकार सोनेरी ऊन पसरतो. ते ऊन खरे की खोटे?

‘दुरून डोंगर साजरे’ ही आपली म्हण. तिचा रोख माणसांवर असला तरी तिच्यात डोळ्यांचा एक पक्का अनुभव साठविलेला आहे. घाटमाथ्यावर उभे राहून पाहा. जवळची टेकडी हिरवी-तपकिरी. तिच्यावरचे दगड मोजता येतात. तिच्यामागची रांग निळसर. तिच्याही मागची फिकट राखी, आणि सर्वांत शेवटची आकाशात इतकी विरघळलेली की डोंगर कुठे संपला आणि आकाश कुठे सुरू झाले हे सांगता येऊ नये. डोंगर सगळे सारखेच. फरक पडला तो आपल्या आणि त्यांच्या मधल्या हवेमुळे. हवेच्या रेणूंवर उजेड आदळला की तो विखुरतो, आणि निळा उजेड तांबड्यापेक्षा पुष्कळच अधिक विखुरतो. त्यामुळे दूरच्या काळ्या कड्यापुढची हवाच आपल्या डोळ्यांकडे थोडा निळा उजेड पाठवीत असते. सूर्य क्षितिजाला टेकला की त्याच्या किरणांना डोक्यावरच्या सूर्यापेक्षा सुमारे चाळीसपट हवा ओलांडावी लागते. वाटेत निळा उजेड गळून जातो आणि आपल्यापर्यंत पिवळा व तांबडा पोचतो. आणि हवेत दमट बाष्पाचे थेंब किंवा धूळ असली की ते सगळेच रंग सारखे विखुरतात. म्हणून सूर्याभोवती पांढरट-सोनेरी धुरकटपणा दिसतो.

ही मीमांसा १८७१ साली, पुढे लॉर्ड रॅले म्हणून प्रसिद्ध झालेल्या इंग्रज शास्त्रज्ञाने मांडली. चित्रकारांना कारण माहीत नसले तरी परिणाम माहीत होता. लिओनार्दो दा विंचीने आपल्या टिपणवह्यांत दूरच्या वस्तू निळसर व पुसट कशा होतात हे नोंदवून ठेवले आहे. तेव्हा क्लोदने शोध लावला असे नव्हे. त्याने केले ते वेगळेच.

त्याच्या आधीची स्थिती थोडक्यात सांगतो. १६०० च्या सुमारास रोममध्ये चित्रांची एक उतरंड ठरलेली होती. वर धर्मकथा, पुराणकथा आणि इतिहास; मग व्यक्तिचित्रे; आणि निसर्गचित्र पार खाली. निसर्ग हा पडदा होता, नाटक त्याच्यापुढे व्हावयाचे. आनिबाले कार्राच्ची याने मेरी व बाळ येशू यांच्या इजिप्तच्या पलायनाचे चित्र काढले, ते आज रोममधील दोरिया पाम्फिली संग्रहात आहे. त्यात माणसे लहान झाली आणि नदी, टेकडी, गढी यांची रचना डौलदार, तोलून मापून केलेली अशी पुढे आली. ‘अभिजात निसर्गचित्र’ म्हणतात त्याची ही सुरुवात. त्याच वेळी आडाम एल्सहाइमर हा जर्मन चित्रकार तांब्याच्या लहान पत्र्यांवर चंद्र, शेकोटी आणि पहाट रंगवीत होता. तो १६१० साली अवघ्या बत्तिसाव्या वर्षी वारला. कार्राच्चीकडे रचना होती, एल्सहाइमरकडे उजेड. या दोन्ही वाटा जिथे मिळतात तिथे क्लोद उभा आहे.

क्लोद जेले हे त्याचे खरे नाव. लोरेन प्रांतातील शामान्य नावाच्या खेड्यात त्याचा जन्म झाला. ‘लोरें’ म्हणजे लोरेनचा, आपल्याकडे सातारकर-नगरकर म्हणतात तसे. जन्मसाल थडग्यावर १६०० दिलेले आहे, पण आजचे अभ्यासक ते चार-पाच वर्षे पुढे ओढतात. त्याची दोन जुनी चरित्रे आहेत. एक योआखिम फॉन झांड्रार्ट या जर्मन चित्रकाराने लिहिले, जो रोममध्ये त्याच्याबरोबर हिंडला होता. दुसरे फ्लॉरेन्सच्या फिलिप्पो बाल्दिनुच्चीचे. दोघांचे पटत नाही. झांड्रार्ट म्हणतो की पोराचे शिक्षणात डोके चालेना म्हणून त्याला कणकेच्या मिठाया-पेस्ट्र्या करणाऱ्या भटारखान्यात उमेदवारीला ठेवले. बाल्दिनुच्ची म्हणतो की आईबाप लहानपणीच गेले आणि तो लाकडावर कोरीव काम करणाऱ्या थोरल्या भावाकडे गेला. कोणतेही खरे माना, मुलगा हाताने काम करणाऱ्यांतलाच. रोममध्ये आगोस्तिनो तास्सी या चित्रकाराच्या घरी तो राहिला, तो चाकर म्हणून: स्वयंपाकपाणी करावे, रंग घोटावे, कुंचले धुवावे. (हा तास्सी म्हणजे १६१२ साली आर्तेमिझिया जेंतिलेस्की या तरुण चित्रकर्तीवरील बलात्काराच्या खटल्यात आरोपी असलेला मनुष्य. पण दालने, बंदरे आणि खोली यांचे यथार्थदर्शन त्याला उत्तम येत होते.)

रंग घोटणे हे काम हलके समजू नका. शिशाचा सफेदा, शिसे-कथलाचा पिवळा, अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतून येणाऱ्या लाजवर्द दगडाचा महागडा निळा, हे सारे जवसाच्या किंवा अक्रोडाच्या तेलात तासन्‌तास घोटावे लागत. कोणता रंग पारदर्शक राहतो, कोणता झाकून टाकतो, कोणता किती पातळ केला की खालचा थर श्वास घेतो, हे ज्ञान मनगटातून येते. क्लोदची हवा ज्या पातळ थरांनी बनलेली आहे, त्यांची बाराखडी त्याने चाकरीत गिरविली असे मला वाटते.

१६२५ साली तो मायदेशी परतला आणि नान्सी शहरातील एका चर्चच्या छतकामावर लागला. तिथली एक हकिकत बाल्दिनुच्चीने दिली आहे: सोन्याचा मुलामा देणारा एक कारागीर पराचीवरून घसरला, क्लोदने धावून त्याला वाचविले, आणि त्या कामावरून क्लोदचे मन उडाले. पराची बांधणाऱ्यांच्या आणि तिच्यावर चढणाऱ्यांच्या प्रश्नांशी माझा जन्माचा संबंध असल्यामुळे ही हकिकत मी विसरू शकत नाही. रोमला परतल्यावर क्लोदने फारशी भित्तिचित्रे केली नाहीत. जमिनीवर उभे राहून कॅनव्हासवर काढता येतील अशी चित्रे काढीत तो १६८२ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत तिथेच राहिला.

आता त्याच्या अभ्यासाची पद्धत. झांड्रार्ट सांगतो की क्लोद पहाटेपूर्वी रानात जाऊन पडे आणि रात्र होईपर्यंत तिथेच राही. आकाशाचा तांबडेपणा, सूर्य उगवताना आणि मावळताना होणारे पालट डोळ्यांत साठवायचे, त्याबरहुकूम तिथेच रंग मिसळायचे, आणि घरी येऊन ते चित्राला लावायचे. पुढे दोघे मित्र बरोबरीने बाहेर चित्रे काढू लागले. झांड्रार्ट खडक, बुंधे, धबधबे अशा जवळच्या वस्तू निवडी. क्लोद मात्र मधल्या अंतरापासून पुढचे, क्षितिजापर्यंत विरत जाणारे तेवढेच काढी. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. जिथे वस्तू संपत येते आणि नुसती हवा उरते, नेमका तोच टापू त्याने आपल्या कामासाठी वाटून घेतला.

एका चित्रापुढे थोडे थांबू. ‘शेबाच्या राणीचे प्रस्थान’ असे त्याचे नाव; साल १६४८; सुमारे दीड मीटर उंच आणि दोन मीटर रुंद. ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. कामगार प्रतिनिधींच्या एका बैठकीसाठी मला एकदा लंडनला जाण्याचा योग आला, तेव्हा मी ते डोळ्यांनी पाहिले. या गॅलरीला तिकीट नाही. बोटीवरचा खलाशीसुद्धा कपडे न बदलता आत जाऊ शकतो. चित्र असे आहे. एक बंदर. दोन्ही बाजूंना उंच स्तंभांच्या इमारती. उजव्या हाताच्या पायऱ्यांवरून राणी आपल्या लवाजम्यासह उतरते आहे. खाली होड्या, खलाशी, सामानसुमान. दूर उघडा समुद्र, आणि त्याच्यावर, चित्राच्या जवळजवळ मध्यभागी, नुकता वर आलेला सूर्य.

बायबलात ही राणी सॉलोमनला भेटावयास निघते ती उंटांचा तांडा घेऊन. क्लोदने उंटांना रजा दिली आणि तिला समुद्रमार्गे धाडले. कारण उघड आहे: त्याला सूर्य पाण्यावर पाहिजे होता. राणी हे निमित्त. त्याच्या चित्रांतील माणसे जरा लांबोडकी आणि अवघडलेली असतात. तो स्वतःच गमतीने म्हणे की मी निसर्ग विकतो आणि माणसे फुकट देतो, असे बाल्दिनुच्ची सांगतो.

समोर सूर्य ठेवणे हे धाडस होते. एल्सहाइमरसारख्यांचे लहान प्रयोग सोडले तर त्यापूर्वी उजेड चित्रात बाजूने, चौकटीबाहेरून यावयाचा. क्लोदने तो दिवाच उचलून मधोमध ठेवला. त्यातून दोन अडचणी उभ्या राहतात. पहिली अशी की सूर्य रंगविण्याइतका उजळ रंग जगात नाही. चित्रातला सर्वांत पांढरा ठिपका सर्वांत काळ्या ठिपक्यापेक्षा फार तर तीस-चाळीस पट उजळ असतो. खऱ्या सूर्याची आणि सावलीची तुलना लाखांच्या घरात जाते. मग उपाय एकच, आणि तो वाटाघाटीतल्या उपायासारखा आहे: एकाला वाढवून देता येत नसेल तर बाकीचे कुठे बसतात ते ठरवावे लागते. क्लोद सूर्याजवळचे आकाश फिकट पिवळे ठेवतो, त्याच्याबाहेरचे थोडे गडद, त्याच्याबाहेरचे निळे, आणि चित्राच्या कडेला जवळची इमारत, गलबत किंवा झाड जवळजवळ काळे करून उभे करतो. नाटकाच्या विंगा अंधारात असल्या की मधला रंगमंच झगझगीत वाटतो, तसे हे. मग तो पिवळट पांढरा ठिपका आपल्याला दिपवतो.

दुसरी अडचण अधिक अवघड. सूर्य समोर असला की प्रत्येक वस्तूची आपल्याकडची बाजू सावलीत जाते. मग सारे बंदर कोळशासारखे काळे का दिसत नाही? इथे हवा कामाला येते. सूर्याच्या जवळ, म्हणजे आपल्यापासून दूर, असलेले गलबत सावलीत असूनही फिकट आहे, कारण त्याच्यापुढची हवा उजेडाने भरलेली आहे. त्याच्या कडा उजेडाने खाल्लेल्या आहेत. जसजसे आपण पुढे येतो तसतशी सावली घट्ट होते, कडा टोकदार होतात, आणि पायाशी आलेल्या दगडांवर भेगा दिसू लागतात. या पायऱ्या क्लोद इतक्या बारीक ठेवतो की एकीतून दुसरीत आपण केव्हा गेलो ते कळत नाही. आपण म्हणतो चित्रात हवा दिसते. वस्तुतः दिसते ती सावलीची हळूहळू होत जाणारी उतरण. डाव्या बाजूला किनाऱ्यावरचा एक माणूस डोळ्यांवर हात आडवा धरून पाहतो आहे. त्या एका हाताने सूर्य खरा होतो.

आणखी एक गोष्ट. सूर्यापासून पाण्यावरून उजेडाचा एक पट्टा थेट आपल्या पायाशी येतो. समुद्रकिनारी हे आपण सर्वांनी पाहिले आहे, पण त्याची मौज लक्षात घ्या. किनाऱ्यावर दहा माणसे दहा ठिकाणी उभी राहिली तर प्रत्येकाला तो पट्टा आपल्याच पायाशी आलेला दिसतो, कारण लाटांच्या ज्या तिरक्या पाठींवरून उजेड ज्याच्या डोळ्यांत परततो, त्याला त्याच दिसतात. हा पट्टा राणीकडे वळलेला नाही, राजवाड्याकडे वळलेला नाही. चित्र ज्या मनसबदाराने मागविले, त्या बुइयाँच्या सरदाराचे नाव चित्रावर लिहिले आहे. पण उजेड चित्रापुढे जो उभा राहील त्याच्याकडे येतो.

या चित्राचे पुढे काय काय झाले ते ऐकण्यासारखे आहे. टर्नर हा इंग्रज चित्रकार तरुणपणी ते पाहून रडला, असे आपल्याला कधीच काढता येणार नाही म्हणून, अशी आख्यायिका आहे. १८१५ साली त्याने ‘कार्थेज बांधणारी डायडो’ हे सूर्य आणि बंदर असलेले चित्र काढले, आणि मृत्युपत्रात अट घातली की ते व आपले आणखी एक चित्र राष्ट्राला देतो, पण ती क्लोदच्या या चित्राच्या आणि त्याच्या जोडचित्राच्या शेजारी टांगली पाहिजेत. ती तशी टांगण्यात आली. दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसाशी कोणी अशी बरोबरीची पाळी मागून घेतल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही. टर्नर वारला त्याच्या पुढच्याच वर्षी, १८५२ मध्ये, गॅलरीने हे चित्र साफ केले आणि लंडनात गहजब झाला. जुने रोगण पिवळे पडते. त्या पिवळेपणालाच लोक क्लोदचे सोने समजत आले होते. रोगण निघताच थंड निळी सकाळ बाहेर आली आणि रसिक म्हणू लागले की चित्र खरवडून काढले. १८५३ साली पार्लमेंटच्या समितीपुढे साक्षी झाल्या. चित्रातल्या हवेवर लोकप्रतिनिधींनी चौकशी करावी, हा प्रकार मला तरी मनापासून आवडला.

क्लोद सावध मनुष्य होता. नाव झाल्याबरोबर त्याच्या चित्रांच्या नकला बाजारात येऊ लागल्या. तेव्हा त्याने एक वही केली. पांढऱ्या आणि निळ्या कागदाची. प्रत्येक चित्र हातावेगळे झाले की त्याचे रेखाटन वहीत करावयाचे आणि मागे ते कोणासाठी काढले ते लिहावयाचे. अशी सुमारे १९५ रेखाटने आहेत. पुढे तिला ‘लीबेर व्हेरितातिस’, म्हणजे सत्याची वही, हे नाव पडले; १९५७ पासून ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिच्यातील नोंदींचे शुद्धलेखन अर्धे फ्रेंच, अर्धे इटालियन आणि सर्वस्वी बेभरवशाचे आहे. ज्याला लिहिता येत नाही त्याला हिशेब कळत नाही, असे मानणाऱ्या मालकांची गाठ या वहीशी घालून द्यावी असे मला पुष्कळदा वाटते. केलेल्या कामाची आपल्या हाताने नोंद ठेवण्याचे महत्त्व हजेरीबुक पळविले गेलेल्या कोणत्याही कामगाराला समजावून सांगावे लागत नाही.

आता मघाच्या टोचणाऱ्या प्रश्नाकडे येतो. रोमभोवतीच्या सपाट मुलखाला कांपान्या म्हणतात. क्लोदच्या चित्रांत तिथे मेंढपाळ पावा वाजवितात, गाई संथपणे नदी ओलांडतात, दूरवर देवळाचे भग्न स्तंभ उन्हात न्हातात. प्रत्यक्षात या जमिनीचा फार मोठा भाग मोजक्या सरदार घराण्यांच्या आणि धर्मसंस्थांच्या मालकीचा होता, आणि क्लोदची गिऱ्हाइके त्याच वर्तुळातली. पोप आठवा अर्बन, कार्डिनल मंडळी, कोलोन्ना घराणे. तिथे कायम वस्ती फारच थोडी होती, कारण उन्हाळा आला की तिथे ताप येई. थंडीत डोंगरातून मेंढ्या उतरत, कापणीच्या वेळी डोंगराळ गावांचे मजूर उतरत, आणि त्यांतले कित्येक ताप घेऊनच परत जात. लोकांची समजूत अशी की हा ताप दलदलीवरच्या वाईट हवेतून येतो. इटालियनमध्ये वाईट हवा म्हणजे ‘माल आरिआ’. मलेरिया हा शब्द तिथून आला. क्लोदने जी हवा सोन्याने भरली, तिलाच त्या मुलखातला मजूर मरणाची हवा म्हणत होता. दोष हवेचा नसून डासाचा आहे, हे १८९७ साली आपल्या सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसने डासाच्या पोटात परजीवी शोधून दाखवायला सुरुवात केली तेव्हा कळले, आणि पुढच्याच वर्षी ग्रास्सी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी इटलीत माणसाचा मलेरिया अनॉफेलीस डास पसरवितो हे पक्के केले.

मग हे ऊन ढोंगी म्हणावयाचे काय? इंग्रज टीकाकार जॉन रस्किन याने १८४३ पासून क्लोदवर कडाडून हल्ला चढविला. त्याची झाडे खोटी, खडक खोटे, रचना ठरीव, असे त्याचे म्हणणे. झाडांच्या बाबतीत रस्किनशी मी भांडणार नाही. मेंढपाळांच्या बाबतीत तर मी त्याच्याही पुढे जाईन: ज्याने अर्ध्या पोटी मेंढरे वळली आहेत त्याला क्लोदचा पावा वाजविणारा गडी ओळखू येणार नाही. ती माणसे गिऱ्हाइकांच्या आवडीची आहेत. देवळे इकडची तिकडे नेऊन बसविलेली आहेत. पण उजेड? उजेडाच्या बाबतीत क्लोद कोणाची मर्जी राखत नाही. अमुक उंचीवरच्या सूर्याला अमुक अंतरावरच्या टेकडीने कसे उत्तर द्यावे, हे कोणत्याही कार्डिनलने ठरविलेले नाही. ते त्याने रानात पडून, अंगावर दव घेऊन शिकलेले आहे. ज्या पहाटे तो पाहत होता, त्याच पहाटे मजूरही कामावर निघत होता. दोघांच्या डोळ्यांवर एकच ऊन येत होते. त्याच्या चित्रांत मला विश्वास ठेवावासा वाटतो तो माणसे आणि जमीन यांच्यावर नव्हे, त्यांच्या मधल्या जागेवर.

याच उजेडाने निराळे कामही करता येते. निकोला पुसाँ हा नॉर्मंडीचा चित्रकार, जन्म १५९४. तो आणि क्लोद रोममध्ये स्पॅनिश चौकाजवळच्या परदेशी चित्रकारांच्या वस्तीतच राहत. १६४८ मध्ये, म्हणजे क्लोद राणीला बोटीत बसवीत होता त्याच वर्षी, पुसाँने लिऑनच्या एका व्यापाऱ्यासाठी फोसियनची दोन चित्रे काढली. फोसियन हा अथेन्सचा वृद्ध सेनापती. इसवी सनापूर्वी ३१८ साली त्याला विष देऊन मारण्यात आले आणि त्याच्या प्रेताला अथेन्सच्या हद्दीत जागा नाकारण्यात आली. (हा फोसियन सामान्य जनतेचा कैवारी होता असे मात्र नाही, मॅसिडोनियाच्या सत्तेशी त्याचे सख्य होते आणि लोकसभेबद्दल त्याला तिटकारा होता. पण प्रेताचा सूड घेणे हे कोणत्याही बाजूला शोभत नाही.) पहिल्या चित्रात दोन माणसे त्याचे प्रेत वाहून नेत आहेत. दुसऱ्यात, जे लिव्हरपूलच्या वॉकर आर्ट गॅलरीत आहे, त्याची विधवा वाकून चितेची राख हातांनी गोळा करते आहे आणि दासी मान वळवून कोणी पाहत तर नाही ना हे बघते आहे.

या चित्रातले ऊन पाहा. ते क्लोदसारखे समोरून येत नाही, विरघळवून टाकीत नाही. ते बाजूने, स्वच्छ आणि सर्वांवर सारखे पडते. मागे शहर लख्ख उजळलेले आहे, देऊळ उजळलेले आहे, लोक आपापल्या उद्योगात आहेत. पुढे झाडांच्या दाट सावलीत ही बाई. पुसाँने वीज, वादळ, काळे ढग यांपैकी काही आणले नाही. ते त्याला येत नव्हते असे नव्हे. १६५१ च्या ‘पिरामस आणि थिस्बी’ या चित्रात त्याने मोठे वादळ उभे केले आहे आणि त्यात आपल्याला काय काय दाखवावयाचे होते ते मित्राला पत्रात लिहिले आहे. इथे मात्र हवा निवळ ठेवली. अन्याय झाल्यावर दुसऱ्या दिवशी ऊन कसे पडते, ते त्याने तसेच पाडले आहे. एखाद्या कारखान्यात अपघात होऊन माणूस जातो आणि दुसऱ्या दिवशी फाटकापुढे तेच ऊन, तीच चहाची टपरी, तीच पाळीची घंटा असते. त्या उन्हाचा राग येतो. पुसाँचे हे चित्र मी प्रथम पाहिले तेव्हा मला तो राग ओळखीचा वाटला.

पुसाँ मोठा की क्लोद मोठा, हा वाद चित्रांच्या पुस्तकांतून रंगविलेला असतो. पुसाँ विद्वान, त्याचे मित्र पंडित. क्लोद भटारखान्यातून आलेला. म्हणून पुसाँला तत्त्वज्ञ आणि क्लोदला नुसता डोळा म्हणण्याची चाल पडली. मला ही वाटणी मान्य नाही. सूर्य चौकटीत आणणे हा विचारच आहे. तो शब्दांत न करता रंगांत केला, इतकेच. १६७२ साली न्यूटनने लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून पांढऱ्या उजेडात सारे रंग असतात हे मांडले. त्याच साली क्लोदने रात्रीचे एक चित्र पुरे केले, जे आता सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाजमध्ये आहे: पहाट फुटण्याच्या बेतात, याकोब देवदूताशी झोंबतो आहे. निरनिराळ्या वर्षी काढलेली सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि ही रात्र अशी चार चित्रे तिथे एकत्र आहेत. एकापुढून दुसऱ्यापुढे जात गेले की दिवसाची सारी पाळी डोळ्यांपुढून सरकते. दुपारच्या चित्रात हवा अगदी हलकी, सावल्या आखूड. संध्याकाळच्यात पुन्हा तो जाडसर, मधासारखा धुरकटपणा. या दोन वेळांच्या हवेतला फरक शब्दांत सांगणे मला कठीण जाते. त्याने तो फक्त राखी आणि पिवळ्या रंगाच्या प्रमाणात मांडला आहे.

त्याचे शेवटचे चित्र १६८२ चे, कोलोन्ना सरदारासाठी काढलेले. त्या वेळी त्याचे वय ऐंशीच्या घरात होते. विषय व्हर्जिलच्या महाकाव्यातला: ट्रॉयहून आलेल्या ईनियसचा मुलगा आस्कानियस सिल्वियाच्या पाळीव हरणावर बाण रोखतो; त्या बाणाने पुढे युद्ध पेटणार आहे. इथे सोनेरी ऊन राहिलेले नाही. हवा थंड, रुपेरी, पावसाआधीची. डावीकडे भग्न देवळाचे उंच स्तंभ. शिकारी कमालीचे लांबट आणि हलके, जणू वाऱ्याने उडून जातील असे. झाडे एका बाजूला झुकली आहेत. मध्ये दरीसारखी जागा, पलीकडच्या काठावर हरीण मान वळवून पाहते आहे, आणि धनुष्य ताणलेले आहे. त्या दोघांच्या मधल्या मोकळ्या जागेत फक्त दूरचा समुद्र आणि निळसर राखी हवा आहे. हे चित्र ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात आहे.